कुरणावर गेलेली शाळा : ताराबाई मोडक

१९४५ साल संपत आले होते. गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी दोन स्त्रिया बालवाडी काढण्यासाठी येऊन राहिल्या. एकीचे वय ५३ वर्षांचे, दुसरीचे ३५. पहिलीच्या मागे मुंबईतील एका नावाजलेल्या बालमंदिराची कीर्ती होती, गुजराती आणि मराठी अशा दोन भाषांतून केलेले लेखन होते, आणि ज्या वयात माणसे निवृत्तीचे हिशेब मांडू लागतात ते वय होते. ही स्त्री म्हणजे ताराबाई मोडक. दुसरी, पुण्यातील शिक्षिकेची नोकरी सोडून आलेली अनुताई वाघ.

बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून ते त्या जिल्ह्यात आले. गाव सुखवस्तू, चिकूच्या वाड्यांनी वेढलेले, चांगली माध्यमिक शाळा असलेले. पण गावाच्या कडेला त्या काळी हरिजनवाडा म्हणत ती वस्ती होती, आणि डोंगराच्या बाजूला वारली, दुबळा, धोडी या आदिवासींचे पाडे होते. त्याच वर्षी मे महिन्यात जवळच्या झरी गावी गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांची परिषद भरली होती आणि सावकार-जमीनदारांची वेठबिगार यापुढे करायची नाही असे त्यांनी ठरवले होते. ऑक्टोबरात तलवाडा येथे आदिवासींच्या जमावावर गोळीबार झाला. ताराबाईंचा मार्ग चळवळीचा नव्हता. परंतु त्या ज्या मुलांसाठी आल्या होत्या त्यांतील पुष्कळांचे आईबाप त्या वर्षी आयुष्यात प्रथमच कोणाला तरी नाही म्हणायला शिकले होते, हे विसरून त्या कामाचा विचार करता येत नाही.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरच्या त्या केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे, त्यामुळे मुलीने शिकावे यासाठी घरात झगडा करावा लागला नाही. ताराबाईंच्या बालपणाचा काही काळ इंदूरला गेला. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढे अमरावतीच्या मोडक वकिलांशी विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही आणि १९२१ च्या सुमारास त्या विभक्त झाल्या. पदरी एक मुलगी होती. शंभर वर्षांपूर्वीच्या मध्यमवर्गीय मराठी समाजात नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या स्त्रीला काय सोसावे लागले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. चरित्रकार बहुधा हा भाग दोन ओळींत उरकतात आणि मीही तेच करीत आहे. ताराबाईंनी स्वतः आपल्या दुःखाचे भांडवल कधी केले नाही.

राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयात त्यांना प्राचार्याचे काम मिळाले. पगार, मान, राहण्याची सोय असे सारे त्यात होते. तेथे असतानाच भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेतील एका विलक्षण प्रयोगाची वार्ता त्यांच्या कानी आली. गिजुभाई बधेका नावाच्या एका वकिलाने वकिली सोडून १९२० साली लहान मुलांसाठी बालमंदिर काढले होते. तेथे छडी नव्हती, पाठांतर नव्हते, बक्षिसे नव्हती. मूल आपल्या मनाने साधन उचलून घेई, मन भरेपर्यंत त्याच्याशी खेळे आणि जागच्या जागी नेऊन ठेवी. १९२३ साली ताराबाई प्राचार्यपद सोडून तेथे दाखल झाल्या.

गिजुभाईंनी हे सारे इटलीच्या मारिया माँटेसरी यांच्या ग्रंथांतून घेतले होते. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले होते. लहान मूल ऐकून शिकत नाही, हाताने शिकते, हा त्यांच्या पद्धतीचा पाया. लाकडाच्या ठोकळ्यातील भोकांत त्या त्या मापाचे दट्टे बसवताना मुलाला जाड-बारीक कळते. एकापेक्षा एक लहान असे दहा चौरस ठोकळे रचून मनोरा करताना लहान-मोठे कळते. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवताना अक्षराचे वळण बोटातच बसते, मग पाटीवर ते उमटवायला त्रास पडत नाही. चूक दाखवायला शिक्षक लागत नाही. दट्टा चुकीच्या भोकात गेला तर शेवटी एक दट्टा उरतोच, आणि मूल पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते.

भावनगरात ताराबाईंनी सुमारे नऊ वर्षे काढली. १९२६ साली गिजुभाई आणि त्या यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिका आधी गुजरातीत निघत होती, १९३३ पासून ती मराठीतही निघू लागली. पालकांनी मुलांना मारू नये, भिववू नये, त्यांच्या हट्टामागचे कारण शोधावे, अशा विषयांवरील ताराबाईंचे लेखन अतिशय सोपे व घरगुती आहे. एका मराठी स्त्रीने गुजरातीत लिहून गुजराती घरांतील मुलांचा मार चुकवला, हे आपल्याकडे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी घ्यावे.

१९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. शाळेबरोबर शिक्षिकांचे अध्यापन मंदिरही होते. दादर-माटुंग्याच्या कारकून, डॉक्टर, वकील यांच्या घरची मुले तेथे येऊ लागली आणि संस्था नावारूपाला आली. येथेच थांबल्या असत्या तरी ताराबाईंचे नाव शिक्षणाच्या इतिहासात राहिले असते.

पण एक गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. माँटेसरीबाईंची सुरुवात गरिबांच्या वस्तीत झाली होती, आणि त्यांची पद्धत मात्र जगभर श्रीमंतांच्या मुलांची होऊन बसली होती. कारण उघड होते. ती साधने सुबक, मापात अचूक, पॉलिश केलेली आणि म्हणून महाग. अनेक माँटेसरी-भक्तांच्या दृष्टीने तर साधनांत काडीचाही बदल करणे हे पाखंडच. इकडे १९३७ साली वर्धा येथे गांधीजींनी मूलोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली, परंतु ती सात वर्षांपासून पुढच्या मुलांची. त्याआधीच्या वयाचा विचार नयी तालीमच्या कार्यकर्त्यांनी १९४५ च्या जानेवारीतील सेवाग्राम परिषदेत गंभीरपणे हाती घेतला. खेड्यातील अडीच-तीन वर्षांच्या मुलाला काय द्यायचे, आणि पैशावाचून कसे द्यायचे, या प्रश्नाला हात घालण्याची तयारी असलेली अनुभवी व्यक्ती देशात त्या वेळी क्वचितच होती. त्याच वर्षी ताराबाई बोर्डीला आल्या.

अनुताईंची आणि त्यांची गाठ पडली ती बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात. अनुताई बालविधवा, तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. स्वतःच्या हिमतीवर शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. बोर्डीच्या कामासाठी माणूस हवे आहे हे कळताच त्या तयार झाल्या. या दोघींचे नाते गुरू-शिष्येचे म्हणून सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण ताराबाईंच्या कल्पनांना रोजच्या रोज पायी चालून, मुलांची डोकी विंचरून, भात शिजवून मूर्त रूप दिले ते अनुताईंनी, एवढे म्हटलेच पाहिजे.

बोर्डीत त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. आधी नेहमीच्या पद्धतीने एका जागी बालवाडी भरवली. गावातील मुले आली. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ती वस्तीवरची मुले येईनात. बोलावून पाहिले, आणायला माणूस पाठवून पाहिले. दोन दिवस येत, तिसऱ्या दिवशी जागा रिकामी. येथे दुसरी एखादी संस्था असती तर या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही असा अहवाल लिहून मोकळी झाली असती. ताराबाईंनी अडचण मुलाच्या बाजूने पाहिली. आई-बाप सकाळीच कामावर गेलेले. तीन वर्षांच्या पोराला एवढ्या लांब आणून सोडणार कोण? त्यातून अंगावर धड कपडा नाही, नाकाला शेंबूड, आणि बालवाडीत शेजारी बसलेली गावातली मुले तेल-पावडर लावून आलेली. त्या उंबरठ्याआत जाताना मूल बिचकणारच.

मग शाळाच वस्तीत नेण्याचे ठरले. इमारत नाही, फळा नाही, बाक नाही. कुणाच्या तरी झोपडीपुढचे सारवलेले अंगण, एखाद्या झाडाची सावली, आणि सामानाची एक पेटी. शिक्षिका येई, अंगण झाडी, मुलांना हाका मारी. पहिला पाठ अंघोळीचा. मुलांना न्हाऊ घालायचे, केस विंचरायचे, नखे कापायची, खरूज असेल तर औषध लावायचे. यात दोन-दोन आठवडे गेले तरी चालतील, कारण स्वच्छ झालेले मूल आपल्या हाताकडे वेगळ्या नजरेने पाहू लागते. आया दारातून पाहत. बाहेरची शिकलेली बाई आपल्या पोराचे नाक पुसते आहे हे दृश्य त्यांना नवे होते, आणि मुलांपेक्षा त्या आयांचेच शिक्षण त्यातून अधिक झाले असावे. या प्रकाराला ताराबाईंनी नाव दिले अंगणवाडी.

साधनांचा प्रश्नही अंगणातच सुटला. बोर्डीला समुद्र आहे, म्हणजे शिंपले-शंख फुकट. चिंचोके, नाना प्रकारच्या बिया, खडे, पाने, फुले, काटक्या, बांबू, माती हे सारे मागाल तेवढे आहे. लहान-मोठे कळण्यासाठी ठोकळ्यांचाच मनोरा लागतो असे नाही, शिंपले ओळीने लावता येतात. खरखरीत आणि गुळगुळीत कळायला वडाचे खोड आणि केळीचे पान पुरे. मोजायला बिया, रंग ओळखायला फुले, आणि अक्षर गिरवायला धुळीसारखी पाटी नाही. यात एक गोष्ट मात्र गमवावी लागते, आणि ती सांगितली पाहिजे. शिंपल्यांना दट्ट्यांसारखे अचूक माप नसते, त्यामुळे मुलाची चूक साधन आपोआप दाखवीत नाही, तेथे शिक्षिकेची नजर लागते. म्हणजे स्वस्त साधनाला अधिक तयारीची शिक्षिका हवी. साधन स्वस्त म्हणजे शिक्षणही स्वस्त, असा सोयीचा अर्थ पुढे अनेकांनी घेतला. ताराबाईंनी तो घेतला नव्हता. म्हणूनच शाळेइतकेच शिक्षिका घडवण्याच्या कामाला त्यांनी महत्त्व दिले.

मधल्या काळात, १९४६ ते १९५१, त्या मुंबई राज्याच्या विधिमंडळाच्या सदस्य होत्या. त्याविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. त्यांचे खरे काम सभागृहाबाहेर चालू होते.

१९५७ साली केंद्र बोर्डीहून आत, डहाणू तालुक्यातीलच कोसबादच्या टेकडीवर गेले. आता आजूबाजूला सारी वारल्यांची वस्ती. ताराबाई ६५ वर्षांच्या होत्या. अनेकांच्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसाचे पाऊल म्हणजे बोर्डीला येणे. मला वाटते, ते कोसबादला जाणे होते. बोर्डीत निदान गाव होते, पोस्ट होते, चार सुशिक्षित माणसे होती. कोसबादला सगळेच पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

वारली पाड्यावर वेगळीच अडचण उभी राहिली. शाळा दाराशी नेली तरी मुले घरी कुठे असतात? सहा-सात वर्षांचा मुलगा गुरे घेऊन रानात जातो. त्याच वयाची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर फिरते. दिवाळीनंतर गवतकापणी सुरू झाली की पाड्यात म्हातारी माणसे तेवढी उरतात. मुंबईच्या म्हशींच्या तबेल्यांना या भागातून गवत जात असे आणि त्या गवताखाली कित्येक मुलांचे शाळेचे महिने दडपले जात.

मुलीच्या अडचणीवर जो उपाय निघाला त्याला विकासवाडी म्हणतात. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. मुलगी तान्ह्याला घेऊन येते, त्याला पाळण्यात सोडते, मधल्याला बालवाडीत पाठवते आणि आपण वर्गात बसते. भाऊ रडला तर तिला तो दिसतो. मोठी मुले धाकट्यांना सांभाळतात, धाकटी मोठ्यांचे पाहून शिकतात, आणि बालवाडीतून पहिलीत जाताना मुलाला परक्या घरी गेल्यासारखे वाटत नाही. वयाप्रमाणे मुलांचे वेगवेगळे कप्पे करायचे ही शहरी शाळांची रीत. ज्या घरांत सहा वर्षांची मुलगीच आईची जागा घेते, तेथे ती चालत नाही.

गुराख्यांसाठी निघाली ती कुरणशाळा. मुलगा गुरांमागे जातो, तर शिक्षकाने मुलामागे जायचे. गुरे चरत असतात, मुले सावलीला जमतात, कुणी एक जण आळीपाळीने गुरांवर नजर ठेवतो. गुरे मोजणे हाच पहिला हिशेब. काल किती होती, आज किती आली, दोन चुकली तर उरली किती. काठीने अंतर मोजायचे, सावलीवरून वेळ सांगायची, धुळीत अक्षर काढायचे. खडक, माती, ओढा, झाडे, पाखरे हे सारे समोरच. ताराबाईंनी या प्रयोगावर इंग्रजीतून ‘मेडो स्कूल’ नावाचे पुस्तकही लिहिले.

येथे त्यांच्या विचारात एक महत्त्वाचे वळण आले असावे असे मला वाटते. दादरच्या मुलाला हाताने काम करायला मुद्दाम शिकवावे लागते, कारण घरी त्याचे बटणही कुणीतरी लावून देते. वारल्याच्या मुलाचे हात रिकामे कधी नव्हतेच. त्याला शंभर झाडे पानांवरून ओळखता येतात, खेकडा कोणत्या बिळात आहे हे कळते, विळा धरता येतो. त्याच्या घरच्या बाया तांदळाच्या पिठाने भिंतीवर लग्नाचा चौक काढतात. हाताचे शिक्षण त्याला भरपूर मिळालेले असते, फक्त शाळेला त्यातले काही ठाऊक नसते. मग कृतीतून शिक्षण या शब्दांचा अर्थ येथे बदलतो. मुलाला श्रम शिकवायचे नसतात, त्याच्या वाट्याला आधीच जे श्रम आले आहेत त्यांतील ज्ञान त्याच्या ध्यानात आणून द्यायचे असते, आणि दिवसातून दोन घटका त्याला निव्वळ खेळू द्यायचे असते. वर्धा योजनेत मुलांनी केलेल्या वस्तूंतून शाळेचा खर्च भागावा अशी अपेक्षा होती. कोसबादच्या अंगणात मुलाने केलेल्या मातीच्या बैलाची किंमत कुणी विचारली नाही.

भाषेचेही तसेच. वारली मूल घरी वारली बोलते. पुस्तकातील मराठी ही त्याला जवळजवळ परभाषा. शिक्षिका मुलाची बोली शिकली तरच मूल तोंड उघडते. आपल्या भागात घरची एक आणि शाळेची दुसरी भाषा असलेली मुले थोडी नाहीत. मराठी घरातील मूल कानडी शाळेत आणि कानडी घरातील मूल मराठी शाळेत पहिल्या दिवशी कसे गप्प बसून राहते, हे या अंकाच्या दोन्ही विभागांतील वाचकांनी पाहिलेले आहे. त्यामुळे ही गोष्ट त्यांना अधिक समजावून सांगायला नको.

आता एक अप्रिय गोष्ट. ताराबाईंचा प्रयोग जेथे जेथे त्यांची किंवा अनुताईंची नजर होती तेथे फुलला. पण या कामाला लागणारी शिक्षिका महिन्याच्या वर्गात तयार होत नाही. सकाळी पोरांना न्हाऊ घालणारी, दुपारी रानात जाणारी, बोली शिकणारी आणि रात्री उद्याच्या साधनांसाठी बिया निवडणारी बाई तुटपुंज्या मानधनावर हजारोंनी कोठून आणायची? या प्रश्नाला ताराबाईंकडे पुरते उत्तर नव्हते. दोष द्यायचा झाला तर तो त्यांना देता येत नाही. जे सरकारने करायचे ते दोन बायकांनी एका टेकडीवर करून दाखवले होते.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. टेकडीवरील कामात त्याने फरक पडला नाही. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि त्या योजनेच्या केंद्रांना नाव पडले अंगणवाडी. आज देशभर अशा तेरा-चौदा लाख अंगणवाड्या आहेत. तमिळ, बंगाली, कन्नड मुलखातही हा शब्द जसाच्या तसा ऐकू येतो. योजनेने सहा सेवा सांगितल्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढील उपचारांची सोय, आहार व आरोग्यविषयक शिक्षण, आणि शाळापूर्व शिक्षण. यांतील पहिल्या काहींनी पुष्कळ मुलांचे प्राण वाचवले आहेत, त्यांना कमी लेखणे अन्यायाचे होईल. पण शाळापूर्व शिक्षण फार ठिकाणी शेवटच्या रांगेतच राहिले. खिचडी शिजवणे, वजने घेणे आणि नोंदवह्या भरणे यांतून सेविकेला वेळ उरला तर शिंपले आणि बिया.

कोसबादला अनुताईंनी आणखी १९ वर्षे काम केले. मुलांसाठी गाणी-गोष्टी लिहिल्या, बालसेविका तयार केल्या, आणि ‘कोसबादच्या टेकडीवरून’ या पुस्तकात ताराबाईंबरोबरच्या दिवसांची हकिकत सांगितली. १९८५ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या वारल्या, तोपर्यंत टेकडीवरची वाडी त्यांच्या देखत भरत होती, आणि पहिल्या तुकड्यांतील मुलांची मुले पाळण्यात येऊन झोपत होती.